सानुग्रह: बोरीकाठच्या एका घराचा हिशेब

माणसाचं नाव, गाव आणि स्फोटाची तारीख या तिन्ही गोष्टी इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत. मृतांच्या यादीत आमच्या भागातला माणूस एकच होता, तारीख सांगितली की घर सापडतं. स्फोट मुंबईतला, साधारण पंधरा वर्षांपूर्वीचा, आणि घर अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठचं, एवढं पुरे. मी अमळनेरला वकिली करतो. हे प्रकरण माझ्याकडे दावा म्हणून कधी आलंच नाही. ते आलं एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून, आणि ती पिशवी अजून अधूनमधून माझ्या टेबलावर येते.

पिशवीत पहिल्या दिवशी काय होतं ते मला नीट आठवतं. मुंबई महापालिकेचा मृत्यू दाखला, पंचनाम्याची झेरॉक्स, शवविच्छेदनाचा अहवाल, गावची शिधापत्रिका, सातबारा आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण. कात्रणात मृतांची यादी होती आणि त्यात नाव होतं 'बापू', पुढे आडनाव. घोळ तिथेच होता. घरात आणि गावात त्याला बापूच म्हणायचे. मुंबईत ज्या घाऊक दुकानात तो माल पोचवायचा, तिथेही बापूच. रुग्णालयात ओळख पटवायला गेलेल्या चुलतभावाने तोंडाला आलं ते सांगितलं. शाळेच्या दाखल्यावर, मतदार यादीत, शिधापत्रिकेवर मात्र नाव वेगळं. म्हणजे सरकारच्या लेखी मेला एक आणि विधवा झाली दुसऱ्याची बायको.

हा गुंता पंचनाम्याने सोडवला. मृताच्या खिशातल्या वस्तूंमध्ये एका रुमालात बांधलेले २४० रुपये आणि अमळनेरच्या मंगळग्रह मंदिराचा एक छोटा फोटो, अशी नोंद होती. फोटोमागे मुलीच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांचा फोन नंबर लिहिलेला, तोही हवालदाराने इमानेइतबारे उतरवून घेतला होता. त्या नंबरावरून शाळा, शाळेवरून मुलगी, मुलीच्या दाखल्यावरून बापाचं पूर्ण नाव. तहसीलमध्ये हा धागा एकदा मांडून दाखवला आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र दिलं, तेव्हा फाईल हलली. त्या हवालदाराने नंबर उतरवायचा कंटाळा केला असता तर?

राज्य सरकारने जाहीर केलेले ५ लाख तुलनेने लवकर आले. एका बाबूने कोर्टाचा वारसा दाखला मागितला होता, पण तो लागतो मृताचं येणं वसूल करायला. बँकेतली ठेव, कुणाकडे राहिलेली उधारी, असल्या गोष्टींसाठी. सानुग्रह रक्कम मृताची कधी नव्हतीच. तो मेला म्हणून ती जन्मली. हे लिहून दिल्यावर तलाठ्याच्या चौकशीवर आणि तहसीलच्या वारस दाखल्यावर काम भागलं.

केंद्राचे ३ लाख मात्र अडले. ही योजना १ एप्रिल २००८ पासूनची. दहशतवादी, जातीय किंवा नक्षली हिंसाचारात मेलेल्या सामान्य नागरिकाच्या कुटुंबासाठी. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, जिल्ह्याची समिती तो तपासते आणि पैसा हातात न येता राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून पडतो. तीन वर्षं मोडायची नाही, व्याज दर तिमाहीला बचत खात्यात. आठ टक्के धरले तर तिमाहीचे ६ हजार, महिन्याचे २ हजार. बापू जिवंतपणी दर महिन्याला गावी ३ हजार पाठवायचा.

अडलं ते एका अटीवर. कुटुंबातल्या कुणाला या मृत्यूपोटी सरकारी नोकरी दिली असेल तर ही मदत मिळत नाही. आणि बापूची बायको गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा मेल्यावर नाही, त्याच्या चार वर्षं आधीपासून. खिचडी शिजवायची, पोरं गोळा करायची, आणि मानधन इतकं की त्यात महिन्याचा किराणा भरत नव्हता. फाईलवर शेरा पडला: 'वारस शासकीय सेवेत असल्याचे दिसते.'

उत्तरात दोन गोष्टी लिहिल्या. पहिली साधी, की अट दिलेल्या नोकरीची आहे, असलेल्या नोकरीची नाही. दुसरी गोष्ट लिहिताना हात जरा जड झाला. कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं होतं की अंगणवाडीतल्या बाया नागरी पदावर नसतात, त्या सरकारी नोकर नव्हेत. देशभरच्या अंगणवाडीच्या बायांना त्या निकालाने धक्का बसला. त्यांच्या मोर्च्यांत मी स्वतः तो चुकीचा म्हणत आलोय. इथे त्याचाच आधार घेऊन मी सरकारला सांगत होतो की साहेब, ही तुमची कुणी नाही, तुम्हीच म्हणता. सात महिन्यांनी ३ लाखांची ठेव पडली.

आता घरातलं. लोक सरकारच्या न्याय-अन्यायाबद्दल बोलतात, पण पहिला वाद चुलीपाशी होतो आणि त्याची बीजं शासन निर्णयातच पडलेली असतात. दोन्ही रकमा पत्नीच्या नावे. सासरे, म्हणजे आबा, माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसून म्हणाले, "वकीलभाऊ, पोऱ्या मना व्हता. पैसा सूनना." बोलणं कडवट होतं, खोटं नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, बाप नाही. तो दुसऱ्या वर्गात. रेल्वेच्या कायद्यात मात्र मुलावर अवलंबून असलेले आईबाप दोघेही नुकसानभरपाईला पात्र ठरू शकतात. म्हणजे बापू बाजारपेठेऐवजी फलाटावर मेला असता, तर आबा कायद्याच्या नजरेत निदान उभे तरी राहिले असते. सानुग्रहात त्यांना जागाच नव्हती, कारण तिथे कायदाच नाही. शासन निर्णय आहे, आणि त्यात 'जवळचे वारस' असा मोघम शब्द.

मग घरात दुसरा तोडगा निघाला, आपल्याकडे निघतो तोच. धाकटा दीर लग्नाचा होता. भाऊबंदकीतल्या चार शहाण्यांनी सुचवलं की पाट लावून द्या, पैसाही घरात राहील आणि पोरंही. तिने मला विचारलं तेव्हा तिचा प्रश्न वेगळाच होता: "दादा, मी नाही म्हटलं तर सरकार पैसा परत घेईल का?" कुणीतरी तिला तसं सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, ताई, पैसा तुमचा, लग्न तुमचं, दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही. ती नाही म्हणाली. पुढचे सहा महिने तिच्याशी घरात कुणी धड बोललं नाही.

मिटलं कसं, ते सांगतो. ५ लाखांतले दीड लाख सासूच्या नावे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाकायचे, दोन लाख मुलांच्या नावे, उरलेले तिच्याकडे. कागदावर मी 'कौटुंबिक समजुतीचा लेख' असं लिहिलं. त्याला कोर्टात किती किंमत आली असती, याबद्दल मला शंकाच आहे. पण आबांनी अंगठा न लावता सही केली, हळूहळू, आडनावासकट, आणि माझं पेन खिशाला लावून निघून गेले.

पुढची कित्येक वर्षं मी हे प्रकरण बंद समजत होतो.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातले सहा. २९ एप्रिलला राज्य मंत्रिमंडळाने त्या सहा कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख द्यायचं ठरवलं, नोकरीचंही बोलणं झालं. जम्मू-काश्मीर सरकारचे १० लाख वेगळे. दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. आवाजात हेवा नव्हता. त्यांना मिळालं ते चांगलंच झालं, एवढं त्या दोनदा म्हणाल्या. मग मागून सासूने फोन घेतला. म्हातारी आता कमी ऐकते, त्यामुळे मोठ्याने बोलते: "मना बापू सस्तामा गया का रे, भाऊ?"

वकील माणसाकडे अशा प्रश्नाला उत्तर नसतं, पण आकडे असतात. संध्याकाळी मी आणि माझा ज्युनिअर ते मांडत बसलो.

पहिला संशय महागाईचा. वर्षाला ६ टक्क्यांनी धरलं तर पंधरा वर्षांपूर्वीचे ५ लाख आज बाराच्या आसपास होतात. ५० होत नाहीत. दुसरा ताळा मोटार अपघाताच्या सूत्राचा. बापूला स्फोटाऐवजी मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकने उडवलं असतं तर? वय ३८, कमाई महिना ८ हजार, म्हणजे वर्षाला ९६ हजार. चाळिशीच्या आतल्या, पक्की नोकरी नसलेल्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवून दिलं: १ लाख ३४ हजार ४००. खाणारी तोंडं पाच, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १ लाख ८०० रुपये. ३६ ते ४० वयाला गुणक १५: १५ लाख १२ हजार. त्यात अंत्यविधी, वारसा आणि पत्नीच्या सहवासापोटी ठरलेले ७० हजार. एकूण १५ लाख ८२ हजार. विमा कंपनी रडतखडत का होईना, देते. व्याजासकट देते.

बापूचे सगळे मिळून ८ लाख झाले.

ज्युनिअर म्हणाला, मग हेच सूत्र स्फोटाला का लावत नाहीत? निदान हिशेब तरी राहील. मी त्याला ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने काय केलं ते सांगितलं. तिथे संसदेने कायदा करून निधी काढला आणि केनेथ फाइनबर्ग नावाच्या वकिलाला वाटपावर बसवलं. सूत्र साधारण आपल्या मोटार अपघातासारखंच: वय, कमाई, अवलंबून कोण. परिणाम असा की एकाच इमारतीत मेलेल्यांपैकी कुणाच्या घरी अडीच लाख डॉलर गेले आणि कुणाच्या घरी सत्तर लाखांच्या वर. भांडी घासणाऱ्याचा मजला आणि रोखे दलालाचा मजला मेल्यावरही वेगळा राहिला. घेणाऱ्याला विमान कंपन्यांवर दावा लावायचा हक्क सोडावा लागला, तरी सुमारे ९७ टक्के कुटुंबं निधीत आली. शेवटी फाइनबर्गनाच वाटलं की पुन्हा वेळ आली तर सगळ्यांना सारखी रक्कम द्यावी. आणखी एक गोष्ट. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं बॉम्बने मेली होती. त्यांच्या घरच्यांसाठी असा निधी निघालाच नाही. त्यांनीही आमच्या म्हातारीचाच प्रश्न विचारला असणार, आपल्या भाषेत.

आपल्याकडे उलट आहे, आणि एका बाजूने ते बरं आहे. एका घटनेतले सगळे सारखे; हमालाला ५ तर सराफालाही ५. ही समानता मला सोडायची नाही. ८ हजारवाल्याचा जीव १५ लाखांचा आणि ८० हजारवाल्याचा दीड कोटीचा, हे ट्रकच्या बाबतीत चालवून घेतो, कारण तिथे कमाईच भरून द्यायची असते. स्फोटात सरकार कमाई भरून देत नाही. ते कबूल करतं की तुझं रक्षण माझ्याकडे होतं. ती कबुली सगळ्यांना सारखीच असली पाहिजे.

पण आपली समानता घटनेच्या कुंपणापाशी संपते. दोन घटनांची तुलना केली की कुठलंच सूत्र उरत नाही. महिना कुठला होता, निवडणूक किती लांब होती, दूरचित्रवाणीवर किती दिवस चाललं, मेलेला पर्यटक होता की हातगाडीवाला, यावर रक्कम ठरते असं म्हटलं तर कुणी खोडून काढू शकेल असा कागद माझ्या पाहण्यात नाही. याचं मूळ मला त्या शब्दातच दिसतं. सानुग्रह. अनुग्रह म्हणजे कृपा. गुरू शिष्यावर करतो, देव भक्तावर करतो. कृपेची पावती मागता येत नाही, फेरहिशेब मागता येत नाही, आणि शेजाऱ्यावर जास्त कृपा का झाली असं विचारायची तर सोयच नाही.

केंद्राच्या योजनेत निदान आकडा लिहिलेला आहे. पण तो आठ वर्षं ३ लाखांवर बसून राहिला, मग २४ ऑगस्ट २०१६ पासून ५ लाख झाला, आणि वाढ त्या तारखेनंतरच्या घटनांनाच. पुन्हा नऊ वर्षं तो ५ वरच. महागाई भत्त्यासारखं आपोआप वाढणं या आकड्याच्या नशिबात नाही. त्याला वाढायला कुणीतरी मरावं लागतं.

ज्युनिअरने मग अवघड प्रश्न काढला. तसं बघितलं तर बापूला दोन्ही मिळून ८ लाख तरी मिळाले. शेतात वीज पडून मेला असता तर आजच्या दराने ४ लाख. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला तर १ लाख, तेही २००६ चा आकडा, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. बिबट्याने मारलं तर वनखात्याचे २५ लाख. मग स्फोटालाच जास्त का?

यातलं बिबट्याचं गणित मला सगळ्यांत स्वच्छ वाटतं. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली तेव्हा लोक तिन्हीसांजेला दार लावून घ्यायचे. गावकऱ्याला तो मारायची मुभा नाही, जनावर सरकारच्या संरक्षणात, म्हणून त्याने घेतलेल्या जिवाची भरपाई सरकारच्या डोक्यावर. कारण स्पष्ट, रक्कम ठरलेली, पर्यटक असो की गुराखी. दहशतवादात कारण याहून ठळक आहे. मारणाऱ्याला बापूशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला सरकारला दुखवायचं होतं आणि हाताशी बापू सापडला. शिवाय मागे विमा कंपनी नाही, मालक नाही, आरोपीकडून वसुली नाही. शेतकऱ्याच्या १ लाखाचं मात्र मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

त्या ३१ जुलैला मालेगावचा निकाल आला. धुळ्याच्या पुढे पन्नासेक किलोमीटर. जिल्हा नाशिक, पण बाजाराची आणि मोसम-गिरणेच्या पाण्याची नाती आमच्याकडची. २९ सप्टेंबर २००८ च्या भिक्खू चौकातल्या स्फोटात सहा जण मेले होते. विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं आणि मृतांच्या वारसांना २ लाख, जखमींना ५० हजार द्यायला सरकारला सांगितलं. आधी कुणाला काय मिळालं असेल ते वेगळं. पण एकाच राज्यात, शंभर दिवसांच्या आत, एका ठिकाणी ५० आणि दुसऱ्या ठिकाणी सतरा वर्षांनी २. आकड्यांत धर्म शोधणारे शोधतील, मला त्यांना अडवायला पुरावा नाही. तेवढ्यासाठी तरी सरकारने आकडा आधी लिहून ठेवायला हवा होता.

आमच्या भागाला तुलनेची धग नवी नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या वृद्ध शेतकऱ्याने २०१८ च्या जानेवारीत मंत्रालयात विष घेतलं, ते केवळ संपादित जमिनीचे पैसे कमी मिळाले म्हणून नव्हे. शेजारच्या जमिनीला जास्त आणि आपल्या जमिनीला कमी का, याचं उत्तर कुणी देईना म्हणून.

ताईंचा मुलगा आता बावीस वर्षांचा आहे, आयटीआय झालेला. मुलीचं लग्न झालं. आबा दोन वर्षांपूर्वी गेले. ३ लाखांची ती ठेव ताईंनी एकदाच मोडली, आबांच्या हृदयाच्या ऑपरेशनला. उरलेली पुन्हा ठेवली. सासू त्यांच्याकडेच असते, पोस्टाचं व्याज नातवाच्या हातात देते आणि हिशेब विचारते.

सप्टेंबरात मुलगा पिशवी घेऊन आला. आपण अर्ज तरी करू, म्हणाला. मी त्याला सांगितलं की जुन्या घटनांना वाढीव रक्कम द्यायची कुठलीही तरतूद नाही, अर्ज बहुतेक 'नस्तीबद्ध' होईल, म्हणजे फाईलीत लावून बंद होईल. तो म्हणाला, होऊ दे. माझं म्हणणं आम्ही त्यात मांडलं: एक आकडा कायद्याने ठरवावा, दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवावा, १ एप्रिल २००८ पासूनच्या सगळ्या घरांना फरक द्यावा, आणि आईबापांचा हिस्सा त्यातच लिहावा म्हणजे पायरीवर बसायची वेळ कुणा आबांवर येणार नाही. विषयात मुलाने 'सानुग्रह अनुदान' टाइप केलं होतं. मी 'नुकसानभरपाई' करायला सांगितलं.

जळगावला आवक विभागातल्या बाईंनी अर्ज उलटसुलट बघितला. विषय होता, पण त्याखाली 'संदर्भ' कोरा. "कोणत्या शासन निर्णयानुसार? संदर्भाशिवाय नोंद घेता येत नाही हो," त्या म्हणाल्या, चांगल्या बोलीने. आमच्याकडे शासन निर्णय नव्हता. मुलाने पिशवीतून मृत्यू दाखला काढला, खिडकीच्या कठड्यावर अर्ज ठेवला आणि संदर्भाच्या पुढे दाखल्याचा क्रमांक लिहिला. बाईंनी तो वाचला, त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.